बाबांना का नेलं नाहीस? विचारता आहात म्हणून सांगते

आत्यापासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांचे दोनच प्रश्न. जंगल सफारीला केनिया सोडून झांबियाच का, आणि बाबांना मागे ठेवून कशी गेलीस? दुसरा विचारताना आवाज जरा खाली येतो. म्हणून पहिला आधी उरकते.

केनिया सोपी, असं सगळे म्हणतात. तिथून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस जिवंत विषाणूची. साठी उलटलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच द्यायची तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यासाठी तरी केनिया करायचीस, असं ऐकवणाऱ्यांनी एवढं बघून मग बोलावं.

आणि झांबिया हे खूळ माझं नव्हेच, बाबांचं. वनखात्यात, मेळघाटात, सगळी नोकरी पायी काढलेला माणूस. ताडोबात जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही म्हणून दिवसभर धुसफुसणारा. दक्षिण लुआंग्वा या झांबियातल्या राष्ट्रीय उद्यानाचं त्यांनीच कुठेतरी वाचलं. १९५० मध्ये नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्यांनी न्सेफू या तिथल्या जमातीच्या प्रमुखाला सोबत घेऊन पाहुण्यांसाठी कॅम्प काढला, त्याचा पैसा गावाकडे वळवला. पुढे पायी सफारीसाठीच ते खोरं ओळखलं जाऊ लागलं. गेंडा नाही तिथे, चोरट्या शिकारीत गेला. बाबा म्हणाले, "नसू दे. जमिनीवर काय लिहिलंय ते तर वाचता येईल."

कमी लोक जातात म्हणजे स्वस्त पडेल, हेही डोक्यातून काढा. आतले कॅम्प गवताचे, मोजक्या खोल्यांचे. पावसात काळ्या मातीचे रस्ते बंद पडतात, कॅम्प मोडून ठेवतात आणि मे-जूनला पुन्हा उभे करतात. वर्षाचा खर्च त्या चार-सहा महिन्यांतच काढायचा असतो.

आता तो फोन.

पैसे भरायच्या आधी कॅम्पच्या बाई व्हिडिओ कॉलवर बोलतात. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. कानातलं मशीन खणात, कारण ते शिट्टी मारतं. बाईंनी सावकाश सगळं समजावलं. पुढे बंदूकवाला स्काउट, मग गाइड, मागे एका रांगेत पाहुणे. बोलायचं नाही. गाइड हळू आवाजात सांगेल ते तत्क्षणी करायचं, पळायचं तर मुळीच नाही. मग त्यांनी बाबांना विचारलं, "गाइड 'थांबा' म्हणाला आणि समोर हत्ती असला, तर तुम्ही काय कराल?"

बाबा हसून म्हणाले, "सप्टेंबर. विथ माय डॉटर."

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, शब्द सुटे करून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर हात वर करून मला थांबवलं आणि स्क्रीनला म्हणाले, "यस, यस." बाई काही बोलल्या नाहीत, खाली बघून काहीतरी लिहीत राहिल्या. बाबांनी टेबलावरचा पोळीचा तुकडा उचलून ताटलीत ठेवला आणि आत गेले.

रात्री म्हणाले, "तू जा. मला विमानाचा कंटाळा आहे." नातेवाइकांना माहीत आहे ते एवढंच वाक्य, आणि ते मी त्यांच्याकडून वदवून घेतलं असा काहींचा होरा आहे. मी नाही वदवलं. पण "असं काय करता, चला" हेही मी एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा नाही.

गाडीतून फिरता आलं असतं की, असं तुम्ही म्हणाल. आलं असतं. तिथे रात्रीसुद्धा दिवा घेऊन गाडीतून हिंडवतात. तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं, की आम्ही चालायला गेलो आणि हे कॅम्पवर बसले तर त्यांना ताडोबापेक्षा जास्त लागेल. कॅम्पला कुंपण नाही, अंधारात पहारेकऱ्याशिवाय खोलीबाहेर पडता येत नाही. आज ही कारणं मला निम्मी खरी वाटतात. उरलेलं असं, की पायी चालताना दर दहा पावलांनी मागे वळून बघायचं नाही, अशी एक सहल मला हवी होती. यात माया कमी पडली म्हणायचं तर म्हणा. आई गेल्यापासून दवाखाना, कानाची तपासणी, रात्रीचं दार, सगळं बघते कोण, तेही सोबत म्हणा.

नदीकाठच्या वाळूत बिबट्याचा ठसा दिसला. दव पडून सुकलेल्या कडा, आत मुंगीची वाट. फोटो पाठवला. बाबांचं उत्तर आलं: "मागचा उजवा. शेजारी काडेपेटी ठेवायची असते, माप कळत नाही." पुढे काही नाही. परत आल्यावर सगळे फोटो दोनदा पाहिले, आणि त्यातली माणसं कोण हे विचारलं नाही.

तुमच्या आईवडिलांना न्यायचं असेल तर जरूर न्या. ऑक्टोबरचा उकाडा टाळा, जून-जुलै बघा. पहाटे स्वेटर लागतं. छोट्या विमानात कडक बॅग घेत नाहीत, मऊच घ्या. जेवणाची काळजी नको, मक्याच्या घट्ट उकडीसोबत भोपळ्याच्या पानांची दाण्याचं कूट घातलेली भाजी मिळते. कॅम्पशी बोलताना मात्र त्यांना समोर बसवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरत नाही.