आमची वाटचाल : अठरा कागद आणि एक बोअर

१९९८ साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या ट्रॉब मशिनवर (लोखंडी पार्ट कातायची ऑटोमॅटिक लेथ) आम्ही सुरुवात केली. पहिली सात-आठ वर्षं नुसतं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर करून देणं. ड्रॉइंग, रॉ मटेरियल सगळं पार्टीचं. आपण माल काढायचा, चलन लावायचं, टेम्पो भरायचा. बिल कधी निघेल ते गणपतीलाच ठाऊक.

पुढे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) घेतली आणि एका गाडीच्या कंपनीला थेट बुश (पिन बसायची पोकळ नळी) द्यायची संधी आली. तिथे पहिल्यांदा ‘पीपॅप’ हा शब्द कानावर पडला, म्हणजे पार्ट सुरू करण्याआधी कंपनीकडून मंजूर करून घ्यायची फाइल. प्रोसेस फ्लो, एफएमईए (कुठे काय चुकू शकतं त्याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं) इथपासून वॉरंटपर्यंत (शेवटचा सहीचा कागद) एकूण अठरा बाबी. मी काय केलं, तर एका ओळखीच्याकडून त्यांची फाइल आणली आणि पार्टचं नाव बदललं. एफएमईएमध्ये त्यांच्या ग्राइंडिंगच्या, म्हणजे दगडाने घासण्याच्या, चुका तशाच राहिल्या. आमच्याकडे ग्राइंडिंग होतंच कुठे? कोणी वाचलं नाही, पास झालं. पाच सॅम्पल आमच्या मामांनी (मशिन लावून देणारे सगळ्यात जुने सेटर, सगळा शॉप त्यांना मामाच म्हणतो) सावकाश काढून, निवडून दिली होती.

दुसऱ्याच लॉटला फोन आला, “पिन जात नाहीये.” बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, १६ एच७, म्हणजे १६ मिमीला अख्खी सूट १८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). हजारभर नग परत आले. गुरुवारची सुट्टी रद्द करून आम्ही सगळे मोजायला बसलो, तर निम्मे अंडरसाइज! मशिनवर मोजताना मात्र हेच नग ओके होते. ऑपरेटर खोटं बोलतोय असं समजून मी त्याला नको ते बोललो.

कंपनीच्या एसक्यूए साहेबांनी (सप्लायरचा माल तपासणारे) मला बाजूला घेतलं. नुकताच निघालेला नग माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “गरम लागतोय का बघा.” लागत होताच. नग पंचवीस अंशांनी गरम असला की १६ मिमीच्या पोलादी बोअरला चार-साडेचार मायक्रॉन जास्त दिसतात. त्यात इन्सर्ट (हत्याराचा कापणारा तुकडा) झिजला की बोअर लहान होत जातो. गरम असताना जेमतेम बसलेला नग थंड झाला की हद्दीबाहेर. वर आमच्या बोअर गेजचा जीआरआर (गेजमुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात पडणारा फरक) काढला तर ४१ टक्के आला. दहाच्या आत हवा, तिसाच्या वर गेज बाद. म्हणजे आम्ही इतके दिवस मोजत नव्हतो, अंदाज बांधत होतो.

मग फाइल नव्याने लिहिली, यावेळी मामांना आणि त्या ऑपरेटरला शेजारी बसवून. हवेच्या दाबाने भोक मोजणारं एअर गेज घेतलं (कर्ज काढून, घरी न सांगता). दर पंचविसावा नग दहा मिनिटं कूलंटच्या (मशिनचं थंड करायचं पाणी) डब्यात, मग गेजवर. दीडशे नगांनंतर इन्सर्ट बदलायचाच. सलग ३०० नगांची ट्रायल मी मुद्दाम दुसऱ्या पाळीला लावली, मामा घरी असताना. सीपीके (माल हद्दीच्या आत किती खात्रीने राहतो त्याचा आकडा) १.७१ आला, पाहिजे होता १.६७. काठावरच, पण खरा.

आता एफएमईएचं नवं स्वरूप आलंय. आरपीएन (धोक्याचे गुण गुणून काढलेला आकडा) गेला, अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (आधी काय सुधारायचं त्याची पातळी) आली, कॉलम वाढले. लहान कारखान्याला हा व्याप जाचतो, आणि मी तसं साहेबांना तोंडावर सांगतो. कूलंटचा डबा मात्र मशिनशेजारी आहे. त्यावर त्या ऑपरेटरने खडूने लिहून ठेवलंय : ‘आधी आंघोळ’.