एमजीबीचा आरपीएम मीटर आणि पांढऱ्या वायरीचा वेढा

गेले तीन रविवार काकांच्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलो होतो, काल शेवटी आरपीएम मीटरचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बरोबर दाखवायला लागला. लिहून ठेवतोय कारण हा मीटर मेलाय, इंग्लंडवरनं नवीन मागवा असं काकांना आजपर्यंत चार जणांनी सांगितलं होतं, आणि मीटर मेलेला नव्हताच.

माझं काम गाड्यांचं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमच्या मोटारी रिवाइंड करतो, पॅनेल भरतो. काका म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, त्यांच्याकडं लाल एमजीबी आहे १९६४ ची. एक दिवस म्हणाले, "अरे तू एवढ्या मोटारी बांधतोस, जरा माझा मीटर बघ की." मला त्या गाडीचं लहानपणापासून वेड, त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आधी गाडीबद्दल थोडं. एमजीबी १९६२ ला आली, आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागं फ्लोअरखाली, सिरीजमध्ये. काकांच्या गाडीला कुणीतरी फार वर्षांपूर्वी अल्टरनेटर बसवताना सगळं निगेटिव्ह अर्थ करून टाकलेलं. अल्टरनेटर चालला, लाइट चालले, स्टार्टर पण चालला (त्याला पोलॅरिटी उलटी झालेली समजत नाही), फक्त आरपीएम मीटर बंद पडला. मग त्या माणसानं मीटरची सप्लायची हिरवी वायर टेप मारून बाजूला ठेवली आणि मीटरमधनं जाणारी पांढरी वायर मीटर सोडून सरळ जोडून दिली. एका अर्थी त्यानं उपकारच केले, कारण उलटा सप्लाय मिळत राहिला असता तर आतले जुने ट्रान्झिस्टर गेले असते.

आता मुद्दा. सगळेजण काय करतात, कॉइलच्या (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज तयार करते ती) पॉइंटकडच्या (कॉइलचा करंट जोडतात-तोडतात ते कॉन्टॅक्ट) टोकावरनं एक वायर आणून मीटरला लावतात. नवीन मीटरला ते बरोबर आहे. पण हा स्मिथ्स कंपनीचा जुना मीटर तसा चालतच नाही. डायलवर खाली बारीक अक्षरात आरव्हीआय लिहिलेलं असतं ते बघा. नंतरच्या मॉडेलवर आरव्हीसी असतं, तो व्होल्टेजवर चालतो, त्याला वायर टॅप करून चालते. आरव्हीआयला इग्निशन स्विचकडनं कॉइलला जाणारी पांढरी वायरच मागच्या लोखंडी कोअरमधनं वेढा घालून न्यावी लागते. ती कुठं कापायची नाही, सोलायची नाही, नुसती आतनं जाते.

मागचं ते प्लॅस्टिकचं ठोकळं काढून बघितलं आणि मला एकदम आपल्या पॅनेलमधली सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर, वायर त्याच्या आतनं जाते) आठवली! अहो हा तर टाँग टेस्टरच आहे, वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचा तो. वायरमधनं करंट जातो, पॉइंट उघडले की करंट तुटतो, तो झटका कोअरमधनं आतल्या सर्किटला कळतो, सर्किट दर झटक्याला एकसारखा पल्स काट्याला देतं. झटके जास्त, काटा वर. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्पार्क, म्हणजे १००० आरपीएमला मिनिटाला २००० झटके.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, ३ ओहमच्या आसपास, म्हणजे पॉइंट बंद असताना ४ अँपिअर. हा सगळा करंट त्या वेढ्यातनं जाणार, त्यामुळं त्या वायरीच्या टोकांचा जॉइंट ढिला राहिला तर गाडी चालता चालता बंद पडेल, हे विसरू नका. आणि ही पांढरी लाइन फ्यूजच्या आधीची आहे. शॉर्ट झाली तर अख्खं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, जळेल. मी दर वेळी आधी बॅटरी काढली, मगच हात आत घातला.

मीटर घरी आणून उघडला. बॉडी आणि सप्लायचं टर्मिनल यांच्या आतल्या वायरी अदलाबदल केल्या, म्हणजे आता बॉडी मायनस. सप्लायच्या वाटेत जो रेझिस्टर असतो तो सप्लायच्याच बाजूला राहिला पाहिजे, तेवढं बघून सोल्डर केलं. हिरवी वायर पुन्हा लावली, दीड स्क्वेअरची नवी पांढरी वायर आधी होती तशीच ओवली, गाडी सुरू केली, आणि काटा नुसता थरथरतोय, शून्यावरनं पाचशेवर, परत शून्य. काकांचा चेहरा पडला. मला पण वाईट वाटलं.

रात्री जेवताना, ताटात कडक भाकरी अन् शेंगाची चटणी, तेव्हा डोक्यात आलं. सीटीच्या दोन बाजूंना पी-वन पी-टू का लिहितात? दिशा! पोलॅरिटी बदलली म्हणजे त्या वायरीतला करंट पण उलट्या दिशेनं जातोय, मग वेढा पण उलट्या बाजूनं घालायला पाहिजे. दुसऱ्या रविवारी सकाळी सातलाच गेलो, नंतर ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही, वायर उलटीकडनं ओवली, चालू केली, काटा सरळ नऊशेवर जाऊन थांबला. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसतं बघत बसले.

त्याच दिवशी कॉइलपण बघितली. एसडब्ल्यू (स्विचकडचं) आणि सीबी (पॉइंटकडचं) अशी टोकं आहेत, पॉझिटिव्ह अर्थच्या हिशोबानं. अर्थ बदलताना ती कुणी बदलली नव्हती, त्यामुळं प्लगच्या मधल्या टोकाला प्लस मिळत होतं. तिथं मायनस असलं तर स्पार्कला कमी व्होल्टेज पुरतं, कारण गरम टोकावरनं इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. दोन वायरी बदलल्या, पाच मिनिटांचं काम.

राहिला हिशोब. पॉवरलूमच्या मोटारी तपासायला माझ्याकडं डिजिटल टॅकोमीटर आहे, चमकत्या पट्टीवर लाइट मारायचा तो. क्रँकच्या पुलीला पट्टी चिकटवली, पुतण्याला ॲक्सिलरेटरवर बसवलं. मीटर २२०० दाखवत होता तेव्हा खरे २००० होते. आत कॅलिब्रेशनचा छोटा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) आहे, तो तिसऱ्या रविवारी जरा जरा फिरवून २००० आणि ३००० ला जुळवला. मधे ५० चा फरक राहतोय, तेवढा चालेल.

काल विजापूर रोडला नेली. चौथ्या गिअरला १००० आरपीएमला साधारण २९ किमी पडतात, काटा २००० वर आणि स्पीडोमीटर ३६ मैल, म्हणजे ५८ किमी, बरोबर जमलं. काका म्हणाले गिअर बदलताना आता कानावर अवलंबून राहायला नको, आणि येताना स्टिअरिंग माझ्या हातात दिलं.