तुम्ही विचारलंत म्हणून: महास्फोट शिकवता, मग मिस्साला कसे जाता?

वसईत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चुकवत नाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, माजी विद्यार्थ्यांच्या गप्पांत हा प्रश्न येतोच: "सर, विश्व महास्फोटातून झालं हे तुम्हीच शिकवलंत. मग त्यात देव कुठे बसतो?"

बसत नाही. त्या समीकरणांत देवासाठी मी जागा राखून ठेवलेली नाही आणि ही कल्पना ज्यांनी मांडली त्यांनीही ठेवली नव्हती. ते होते फादर जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून दाखवलं. खुद्द आइन्स्टाइनला ते तेव्हा पटलं नाही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी नव्या खगोलशास्त्रात निर्मितीची साक्ष दिसते अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण बाजूला राहतो, असं त्यांचं मत होतं. माझंही तेच.

पुढचा प्रश्न ठरलेला: गॅलिलिओचं काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हटल्याबद्दल चर्चनं त्याच्यावर चालवलेला १६३३ चा तो खटला अन्यायच होता. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळच्या धर्मपंडितांची चूक जाहीर मान्य केली, तीही साडेतीनशे वर्षं उशिरा. पण एकाच निरीक्षणावरून आलेख काढणाऱ्याला मी प्रॅक्टिकलला मार्क देत नाही.

मग देव मानायचा कशासाठी? इथे मला तेराव्या शतकातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनास जवळचे वाटतात. विश्वाला सुरुवात आहे हे ते श्रद्धेनं मानत, पण केवळ बुद्धीनं ते सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. त्यांचा प्रश्न सुरुवातीचा नव्हताच. जे असलंच पाहिजे असं नाही, ते या क्षणी आहे तरी कशाच्या आधारावर, हा होता. शेजारणीकडून पाटा उसना आणला, तिनं तो पलीकडच्या घरातून आणलेला, त्यांनी आणखी कुठून तरी. ही उसनवारी कितीही लांबवा, पाटा कुणाचा तरी स्वतःचा असल्याशिवाय तो तुमच्या घरी येत नाही. ज्याचं असणं उसनं नाही, त्याला मी देव म्हणतो. म्हणूनच "मग देवाला कुणी निर्माण केलं?" हा प्रश्न इथे लागू होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मी म्हटलेलंच नाही. उसनं आहे त्याला धनी लागतो, एवढंच म्हटलंय.

एवढ्यानं येशूचं पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे उघड आहे. त्यासाठी साक्षीदारांवर विश्वास ठेवावा लागतो आणि ते साक्षीदार तपासावेही लागतात. तो वेगळा विषय.

मला खरा जड जातो तो आक्षेप विज्ञानाचा नाही, दुःखाचा आहे. अक्विनासनीही देवाविरुद्धचे आक्षेप मांडताना तोच पहिला घेतला. वाईटातूनही चांगलं काढता यावं म्हणून देव वाईट होऊ देतो, हे त्यांनी त्यांच्या कितीतरी आधीचे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांच्या आधारानं दिलेलं उत्तर. तर्क म्हणून मला ते मान्य आहे. पण लहान मुलाच्या अंत्यविधीला कुणी हे उत्तर ऐकवू लागलं, तर त्याला आधी मीच बाहेर नेईन.