जांभई

परवा सोसायटीच्या हॉलमधे प्रवचन होतं, विषय 'सर्वांभूती एकच चैतन्य'. आईला सोडायला गेलो आणि नंतर चहा आहे म्हणाले म्हणून बसलो. बुवा बोलत होते छान, मुंगी काय नि हत्ती काय आत वस्ती एकाचीच वगैरे, पण दुपारचे साडेतीन, सगळ्यांची जेवणं झालेली आणि पंखे नावाला फिरत होते. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी जांभई दिली. चांगली आ वासून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मग शेजारच्या काकू, मग मागची खुर्ची, मग मी, मी रुमाल धरून दाबायला गेलो पण दाबलेली जांभई नाकपुड्यांतून निघते आणि जास्तच दिसते. दोनेक मिनिटांत ती फिरत फिरत स्टेजवर पोचली आणि 'चैतन्य'मधला 'चै' माईकवरून इतका लांबला की पुढचं 'तन्य' कुणी ऐकलंच नाही. माझ्या मते विषय तिथेच सिद्ध झाला, पुढचा पाऊण तास उगाच.

मला ते एक चैतन्य खरंच झेपत नाही. झाडाचं नि माझं आत एकच असेल तर कुंडीतला कढीपत्ता दर उन्हाळ्यात मला न सांगता का वाळतो? पण जांभई कळते. आमच्या गेटवर डांबऱ्या नावाचा कुत्रा असतो, सकाळी दूध आणायला जाताना मी जांभई दिली की तोही देतो, जीभ गोल वळवून, शेवटी बारीक कुंईsss करून. मला वाटायचं योगायोग. तर २००८ साली लंडनच्या संशोधकांनी हेच करून बघितलेलं, २९ कुत्र्यांसमोर अनोळखी माणसाने जांभया दिल्या तर २१ कुत्र्यांनी दिल्या, आणि नुसतंच तोंड उघडलं तेव्हा एकानेही नाही. म्हणजे खोटी चालत नाही! (कुत्री टेन्शनमधेही जांभया देतात म्हणे, त्यामुळे डांबऱ्या मला घाबरतो ही शक्यता उरतेच.)

महाभारतात उद्योगपर्वात तर याची गोष्टच आहे. वृत्राने इंद्राला गिळलं, तेव्हा देवांनी जृंभिका म्हणजे जांभई निर्माण केली, वृत्राने आ केला आणि इंद्र अंग चोरून बाहेर सटकला. तेव्हापासून जांभई सगळ्या प्राण्यांत राहायला आली. एका इमर्जन्सीसाठी केलेली सोय, काम झाल्यावर परत घ्यायची राहून गेली, आपल्याकडे रस्त्यावरच्या डायव्हर्जनचं होतं तसंच.

आजीकडे मात्र याचा बंदोबस्त होता. जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची आणि 'नारायण' म्हणायची. तान्ह्या बाळाला जांभई आली तर त्याच्या तोंडासमोर आपण वाजवायची, कारण त्याला येत नाही. तिच्या घरात एक लंगडा बोका होता, दुपारी चुलीपाशी झोपून उठला की आधी पाठीची कमान करायचा आणि मग गुलाबी तोंड उघडून भलीमोठी जांभई द्यायचा. आजी तांदूळ निवडता निवडता हात लांब करून त्याच्याही तोंडासमोर चट्चट् चुटकी वाजवायची. मी एकदा खूप हसलो तर म्हणाली, "हसतोस काय मेल्या, त्याला कुठे बोटं आहेत वाजवायला?" आणि लगेच तिलाच जांभई आली.