एका बीटमध्ये चार सॅम्पल कोंबण्याआधी

बीट, म्हणजे गाण्याखालचं संगीत, बनवायला लागलं की हे सगळ्यांचंच होतं. फोल्डर सॅम्पल्सनी, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांनी भरलेला असतो, एक रोड्सचा (इलेक्ट्रिक पियानोचा) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आवडतो, त्यावर कुठून तरी स्ट्रिंग्ज येतात, मग व्होकलचा एक तुकडा, खाली दोन किक (बेस ड्रमचे ठोके), आणि प्ले दाबलं की नुसता गोंगाट. एकेक ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच वाजवला, की भारी वाटतो आणि सगळे एकत्र आले की कोणीच धड ऐकू येत नाही. मग लोक प्लगिन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) शोधत बसतात. माझं म्हणणं एवढंच की आधी ठरवा यातला बॉस कोण. एकच सॅम्पल बॉस, टेम्पो त्याचा, की (सूरपट्टी) त्याची, लय त्याची, बाकीच्यांनी त्याच्याप्रमाणे बदलायचं आणि ज्याला जमत नाही त्याने फोल्डरमध्ये परत जायचं, कितीही आवडता असला तरी.

आता की आणि टेम्पो जुळवायचं बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. समजा बॉस लूप सी मायनरमध्ये आहे, ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. स्ट्रिंग्ज ए मायनरमध्ये, ७६ बीपीएम. आजकाल सगळे काय करतात, टाइम स्ट्रेच लावून (सूर न बदलता वेग बदलून) ९० वर आणायचं आणि वेगळं ट्रान्सपोज करून, म्हणजे सूर सरकवून, तीन सेमीटोन (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) वर न्यायचं. चालतं, पण असं ताणलं की आवाजाची धार जाते. त्यापेक्षा स्ट्रेच बंद करा आणि रेकॉर्ड जोरात फिरवल्यासारखा नुसता स्पीड वाढवून बघा, त्याच्याबरोबर सूरही वर चढतो. एक सेमीटोन वर जायला स्पीड साधारण ५.९५ टक्के वाढतो, तीन सेमीटोनला १.१८९ पट, आणि ७६ ला त्याने गुणलं की येतात ९०.४. म्हणजे की पण जुळली आणि टेम्पो पण जवळपास जुळला, फुकटात! दरवेळी असं जुळेल असं नाही, पण हा हिशोब आधी करून बघायला काय जातं.

उरलेला तो ०.४ मात्र तसाच सोडायचा नाही. चार बारमध्ये (एक बार म्हणजे इथे चार ठोके) स्ट्रिंग्ज साधारण ४५ मिलीसेकंद पुढे पळतात आणि तेवढं कानाला स्पष्ट कळतं. म्हणून लूप अख्खा न वाजवता प्रत्येक बारला कापायचा आणि प्रत्येक तुकडा ग्रिडवर, म्हणजे ठोक्याच्या नेमक्या जागी, नव्याने ट्रिगर करायचा, मग फरक बारमागे ११ मिलीसेकंदांवर येतो, आणि स्ट्रिंग्जचा अटॅक (आवाजाची सुरुवात) हळू असल्यामुळे तो लपून जातो. ड्रम्सचा लूप असेल तर एवढ्यावर भागत नाही, तिथे एकेक हिट कापावा लागतो. आणि हो, जुनी रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा नेमकी ४४० हर्ट्झला (ए सुराची प्रमाण फ्रिक्वेन्सी) ट्यून नसतात, त्यामुळे सेमीटोन जुळले तरी काहीतरी आंबट लागतं, तेव्हा फाइन ट्यूनचा नॉब थोडे सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) इकडेतिकडे फिरवून कानानेच ठरवायचं. स्क्रीनवर की लिहून येते तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

जुन्या लोकांकडे तर मेमरीच नव्हती. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये सगळे मिळून १० सेकंदांच्या आसपास सॅम्पल बसायचे, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून आत घ्यायची आणि मशीनमध्ये परत खाली पिच करायची. त्या नादात जो खरखरीतपणा आला त्याच्यासाठी आज लोक पैसे देऊन प्लगिन घेतात, गंमतच आहे.

किकचं वेगळं. दोन किक एकावर एक ठेवल्या की आवाज दुप्पट होईल असं वाटतं आणि कधी कधी उलट पातळ होतो. कारण फेज, म्हणजे दोन लाटा एकमेकींशी कशा जुळतात ते. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलीसेकंदांची असते, म्हणजे एक किक १० मिलीसेकंद उशिरा आली की त्या फ्रिक्वेन्सीला दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आधी एकीची पोलॅरिटी उलटी करून (लाटेचं वर-खाली पलटून) बघा, जास्त दम कशात आहे ते ऐका, मग वेव्हफॉर्म झूम करून थोडी सरकवा. सगळ्यात सोपं म्हणजे एकीचा फक्त वरचा टक ठेवायचा आणि दुसरीचं फक्त पोट, भांडणच नको. तोच नियम लूप्सना: वेगळी बेसलाइन वाजवणार असाल तर बाकी सगळ्यांना हाय-पास फिल्टर मारा, म्हणजे १२०-१५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा.

एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. बीट रिलीज करणार असाल तर प्रत्येक सॅम्पलला साधारण दोन परवानग्या लागतात, रेकॉर्डिंगच्या मालकाची वेगळी आणि रचनेच्या मालकाची वेगळी. बॉम्ब स्क्वॉड या हिप-हॉप टीमसारखे प्रोड्यूसर एका ट्रॅकमध्ये थरावर थर सॅम्पल्स रचायचे. १९९१ मध्ये अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलिंगच्या केसचा निकाल त्याच्या विरोधात लागला आणि त्यानंतर तसं काम करणं भयंकर महाग होत गेलं. चार सॅम्पल म्हणजे आठेक परवानग्या, त्यामुळे तिसरं-चौथं सॅम्पल खरंच काही करतंय का ते म्यूट करून ऐकाच. कुणाला फरक कळला नाही तर डिलीट.

सगळं बसलं की मी शेवटी सगळ्या लूप्सना एकाच छोट्या रिव्हर्बवर (खोलीच्या घुमण्याचा इफेक्ट) पाठवतो, म्हणजे एकाच खोलीत वाजल्यासारखे वाटतात, मग ड्रम्स सोडून बाकी सगळं एका फाईलमध्ये रेंडर करतो आणि ती फाईल परत चॉप करतो. वेगवेगळे ट्रॅक असलेला प्रोजेक्ट आधी वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, कारण नंतर फक्त व्होकलच जरा कमी करायचा झाला तर रेंडर केलेल्या फाईलमधून तो काढता येत नाही.