इन्सब्रुकसाठी सप्टेंबर कसा ठरला

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला कधी जावं हे शोधायला बसलो, तर सगळीकडे एकच उत्तर: बारा महिने छान! असल्या उत्तराचा काय उपयोग? शेवटी तापमानाचे तक्ते बाजूला ठेवले आणि आम्हाला तिथे करायचंय काय, तिथून सुरुवात केली. आईला डोंगरमाथ्यावर जायचं होतं, पण गुडघ्यांमुळे चढ नको. म्हणजे सगळी भिस्त केबल कारवर.

त्या एका अटीने निम्मं कॅलेंडर गळालं. शहर 574 मीटरवर, तर नॉर्डकेट्टे डोंगररांगेवरचं हाफेलेकार स्थानक 2,256 मीटरवर. शहराच्या मध्यातून साधारण अर्ध्या तासात वर पोचता येतं. पण स्कीचा हंगाम संपला की वसंतात आणि पुन्हा हिवाळ्याच्या तोंडावर या गाड्या देखभालीसाठी काही दिवस बंद असतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीचा मोह सोडला. तेव्हा खाली फुलं असतात, पण उंचावरच्या वाटांवर बर्फ टिकून असतो.

डिसेंबरचा आग्रह बहिणीचा. सोनेरी छपराच्या जुन्या सज्जासमोर, म्हणजे गोल्डेनेस डाखलसमोर भरणारा नाताळबाजार तिला बघायचा होता. पण साडेचारलाच सूर्य मावळतो आणि निसरड्या फरसबंदीवर आईला हात धरून चालवायचं, हे मला पटेना. शिवाय खोऱ्यात बर्फ मिळेलच असंही नाही. 1964च्या हिवाळी ऑलिंपिकला तर बर्फाची इतकी टंचाई झाली की लष्कराने तो डोंगरांवरून वाहून आणला होता. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठे, पण पाऊसही याच काळात जास्त, आणि दुपारी गडगडाटी वादळं. उरला सप्टेंबर.

सप्टेंबरात दुपारी 20 अंशांच्या आसपास तापमान, गर्दी ओसरलेली. उन्हाळाभर कुरणांवर चरलेल्या गायी याच सुमारास खाली उतरतात. हंगामात काही अपघात झाला नसेल तरच त्यांना फुलांनी सजवतात, ही प्रथा मला फार आवडली.

फक्त फ्योन वाऱ्याची धास्ती होती. दक्षिणेकडून ब्रेनर खिंडीवरून येणारी हवा डोंगर उतरताना दाबली जाते आणि दर 100 मीटरला जवळपास एक अंशाने तापते. वसंत आणि शरद हे त्याचे खास दिवस. डोंगर हाताला लागतील इतके स्वच्छ दिसतात, पण वारा जोराचा असला तर केबल कार थांबवतात. म्हणून वरचा दिवस आधी पक्का केला नाही. सकाळी उठून डोंगरावरचे थेट कॅमेरे बघायचे आणि मग ठरवायचं.

फ्योन सुटलाच. तो दिवस आम्ही होफकिर्शे चर्चमध्ये घालवला. सम्राट मॅक्सिमिलियनच्या रिकाम्या समाधीभोवती 28 मोठे कांस्यपुतळे उभे आहेत. तो स्वतः पुरलाय भलतीकडेच. वारा पडल्यावर वर गेलो. शहरापेक्षा दहा अंशांनी गार होतं. एका बाजूला इन नदीचं खोरं, दुसरीकडे कारवेंडेलचे उघडेबोडके कडे. आई बराच वेळ कठड्याशी उभी होती. मग म्हणाली, "बहिणीला सांग, डिसेंबरात तू एकटीच ये."