ऑइलची पातळी वाढते तेव्हा: पद्मिनीच्या चेंबरमधले पेट्रोल

जुन्या गाडीच्या डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची, पातळी हळूहळू उतरत असेल तर फारसे कोणी बिचकत नाही, परंतु ती आपोआप वाढू लागली तर गाडी जागेवर उभी करून कारण शोधावे लागते. माझ्याकडच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन थोडेफार ऑइल खाते आणि मधूनमधून वरून ऑइल घालावे लागते, हे मी गृहीतच धरलेले होते. गेल्या पावसाळ्यात मात्र वरून ऑइल घालण्याची गरज पडेनाशी झाली आणि काही आठवड्यांनी पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेली. ऑइल खाणाऱ्या इंजिनाने ते खाणे अचानक बंद केले, तर इंजिन सुधारले असे समजण्याऐवजी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे, दुसरे काहीतरी भर घालत आहे असे समजणे अधिक सुरक्षित असते.

ही भर पाण्याची आहे की पेट्रोलची, हे ठरवणे तसे सोपे आहे. पाणी मिसळले तर ऑइल दुधाळ दिसते आणि रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन प्लग किंचित सैल केल्यास बहुधा आधी पाण्याचेच थेंब येतात. पेट्रोल मात्र ऑइलमध्ये पूर्णपणे विरघळते, तळाशी साचत नाही आणि रंगही विशेष बदलत नाही. डिपस्टिकचे टोक खाली धरले असता थेंब रेंगाळण्याऐवजी पटकन सुटतो, आणि दोन बोटांत चोळल्यास २०डब्ल्यू-४० ऑइलचा चिकटपणा जाणवत नाही. टीपकागदावर त्याच कंपनीच्या ताज्या ऑइलचा एक थेंब आणि शेजारी चेंबरमधल्या ऑइलचा एक थेंब टाकून ठेवला, तर पेट्रोलमिश्रित थेंबाभोवती फिकट कडे अधिक लांबवर पसरलेले दिसते. वासाची परीक्षा सकाळी, इंजिन थंड असतानाच घ्यावी. लांबचा प्रवास करून आलेल्या इंजिनात पेट्रोलचा हलका भाग उडून गेलेला असतो आणि जड भाग मागे राहतो, त्यामुळे वास नाही म्हणून ऑइल चांगले, हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

काही ठिकाणी डिपस्टिकला काडी लावून ऑइल पेट घेते का ते पाहतात. हा प्रकार कोणीही करू नये. चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि ती ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर येत असते; बॅटरीची ऋण तार काढून, उघड्या बल्बच्या हँडलॅम्पऐवजी काच-झाकण पक्के बंदिस्त असलेली साधी टॉर्च घेऊनच पुढचे काम करावे. निदान होईपर्यंत इंजिन चालवणेही टाळावे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगमध्ये पुरेसा थर धरत नाही. गरम इंजिनाच्या आयडलिंगला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकू लागला असेल, तर तो त्याचाच इशारा असतो.

आता मुख्य मुद्दा. मेकॅनिकल पंप असलेल्या अशा इंजिनात पेट्रोलला चेंबरपर्यंत पोहोचायला दोनच वाटा असतात. एक वाट कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली जाते. दुसरी वाट सिलिंडरला स्पर्शही करत नाही: ब्लॉकच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोल पंपाची दांडी आतल्या कॅमशाफ्टवर चालते, त्यामुळे पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा रबरी कापडाचा पडदा, फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. म्हणून कुठेही पाना लावण्यापूर्वी स्पार्क प्लग वाचावेत, म्हणजे त्यांच्या टोकांचा रंग आणि ओलेपणा पाहावा, असे माझे ठाम मत आहे. थोडा लांब फेरफटका झाल्यावर आयडलिंगला न ठेवता इंजिन बंद करून काढलेले आणि नंतर रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी स्टार्टर न मारता काढलेले, असे दोन्ही वेळचे प्लग पाहिले की बराचसा उलगडा होतो, आणि एवढ्यापुरतेच इंजिन चालवणे क्षम्य आहे. अर्थात त्याआधी खराब ऑइल बदलून घ्यावे. चारही प्लग काजळलेले असतील तर कार्बोरेटरकडे वळावे. एकच ओला असेल तर त्या सिलिंडरची प्लग वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप किंवा टॅपेट पाहावे. चारही प्लग बिस्किटी रंगाचे, कोरडे, आणि तरीही ऑइलमध्ये पेट्रोल असेल, तर संशय सरळ पंपावर जातो. माझ्या गाडीत हेच चित्र होते.

या नियमाला एक अपवाद आहे. ब्रीदरची नळी एअर फिल्टरला जोडलेली असेल आणि गळती मोठी असेल, तर चेंबरमधली वाफ त्या नळीतून पुन्हा इंजिनात जाते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि पंपाचा दोष असूनही प्लग काळे पडतात. अशा वेळी माणसे कार्बोरेटरच्या स्क्रूशी झटत बसतात. ब्रीदरची नळी थोडा वेळ फिल्टरपासून सोडवून, तिचे तोंड गरम सायलेन्सर पाइपपासून दूर ठेवून, आयडलिंग सुधारते का ते पाहिले की हा घोळ मिटतो.

पंपाची परीक्षा तो ब्लॉकवरून उतरवूनच करावी. टाकीकडून येणारी नळी जोडलेली ठेवून दांडी हाताने दाबत राहावी, बाहेर जाणाऱ्या तोंडावर बोट धरावे आणि पंपाची खालची बाजू कोऱ्या कागदावर धरावी. डायफ्राम शाबूत असेल तर बोटाला दाब जाणवतो आणि कागद कोरडा राहतो. माझ्या पंपाने दाब बऱ्यापैकी दिला, म्हणूनच गाडी रस्त्यावर कुठेही अडखळत नव्हती. पण कागदावर दांडीच्या मुळाशी ओला डाग उमटत गेला. पंप उघडून डायफ्राम उजेडासमोर ताणला तेव्हा मधल्या पत्र्याच्या चकतीच्या कडेला, जिथे कापड रोज दुमडते तिथे, नखाच्या चंद्रकोरीएवढी चीर दिसली. सपाट ठेवला की ती चीर मिटून जात होती. केवळ नजर टाकून डायफ्राम पास करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्लगांनी कार्बोरेटरकडे बोट दाखवले, तर एअर फिल्टर काढून, इंजिन चालवून बंद केल्यावर टॉर्चने घशात पाहावे. जेटच्या तोंडातून थेंब गळत राहिले, तर कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली कचरा आहे, नीडल झिजली आहे किंवा ती नीडल बंद करणाऱ्या पोकळ तरंगत्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाशी हलवला की आतले पेट्रोल ऐकू येते. पद्मिनीची टाकी मागे आणि बरीच खाली आहे, त्यामुळे सपाट जागी उभ्या गाडीत नळीतल्या उरलेल्या दाबाएवढेच पेट्रोल उतरते. पण टाकी भरलेली गाडी नाक खाली करून उतारावर उभी राहिली, तर हीच गळती रात्रभर चालू राहू शकते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक पूर्ण मागे न जाणे आणि रोज बाजारापुरतीच गाडी काढणे यांनीही ऑइल पातळ होते, मात्र त्याने पातळी खुणेच्या वर जाण्याइतकी भर सहसा पडत नाही.

या टप्प्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजू नये. पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुतलेला असतो, त्यामुळे आकडे कमी येतात आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची भिंत, झिजून गेल्याचे निदान सांगितले जाते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्यापासून या इंजिनावर रोज हात चालवणारे मेकॅनिक कमी होत आहेत, आणि इंजिन खोलण्याचा सल्ला मात्र सहज मिळतो. गळती बंद करावी, ऑइल बदलावे, काही दिवस गाडी चालवावी आणि मगच गेज लावावा. माझ्या इंजिनाचे आकडे त्यानंतर एकमेकांच्या जवळ आले आणि रिंगांचा विषय तिथेच संपला.

नवा डायफ्राम घेताना त्याचे रबर इथेनॉलला टिकणारे आहे का, हे विचारून घ्यावे. आता पेट्रोल भरण्याच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या साठ्यातले किट दुकानात कितीही कोरे दिसले, तरी त्यातले रबर या मिश्रणासाठी बनवलेले नसते. पंप बसवताना पंप आणि ब्लॉक यांच्यामधले जाड इन्सुलेटर आणि कागदी पॅकिंग मूळ जाडीचेच ठेवावे. जाडी वाढली तर दांडीची चाल कमी होऊन चढावर पेट्रोल कमी पडते. जाडी घटली तर दाब वाढून नीडल उचलली जाते, म्हणजे पंपाची वाट बंद करून कार्बोरेटरची उघडल्यासारखे होते. काढलेले ऑइल पेट्रोलमिश्रित असल्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघरापासून लांब ठेवावे आणि वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावे.